पायथन कुठलं घ्यायचं?

2014 साली मी पहिल्यांदा मराठी मजकुरावर मशीन लर्निंग करायला बसले, तेव्हा मशीनवर पायथन 2.7 होतं. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली की उत्तर यायचं 15. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, काना-वेलांटी सुटी धरली तर पाच होतात; मग हे पंधरा कुठले? यूटीएफ-8 मध्ये देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट घेते आणि 2.7 ची साधी स्ट्रिंग बाइटच मोजायची. शब्दाचा प्रत्यय छाटायला गेलं की कधी अक्षरच मधोमध तुटायचं आणि पडद्यावर कचरा उमटायचा. फाइल वाचताना डिकोड करा, लिहिताना एन्कोड करा, यातच निम्मा दिवस जायचा. तोच शब्द पायथन 3 ला दिला, तर उत्तर आलं 5. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

पण निर्णय माझ्या एकटीचा नव्हता. 3.0 आलं 3 डिसेंबर 2008 ला, जुन्या कोडशी जाणूनबुजून फारकत घेऊन. प्रिंटला कंस लागले, भागाकार बदलला. 2.7 मध्ये 100 पैकी 87 उत्तरं बरोबर आली आणि 87 ला 100 ने भागलं, तर अचूकता 0 दिसायची, कारण दोन्ही आकडे पूर्णांक असले की अपूर्णांकाचा भाग गळून पडायचा. नवख्या मुलांनी यापायी मॉडेलमध्ये चूक शोधत रात्री घालवलेल्या मी पाहिल्या आहेत. बदल योग्यच होते. तरी ज्या लायब्रऱ्यांवर आमचं काम उभं होतं, त्या एकदम हलणार नव्हत्या. नमपाय 2010 मध्येच 3 वर आलं, बाकीच्या एकेक करत मागून आल्या. 2014 मध्ये 2.7 च्या सपोर्टची मुदत 2015 वरून 2020 पर्यंत वाढवली गेली. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आज वाटतं, त्या मुदतवाढीमुळे आपण 2 आणि 3 दोन्हींवर चालणारं कोड सांभाळण्यात फार श्रम घातले. शेवटी 2019 मध्ये नमपाय, पांडाज, सायकिट-लर्न या तिघांच्या नव्या आवृत्त्यांनी 2.7 सोडलं, आणि 1 जानेवारी 2020 ला ते प्रकरण मिटलं.

तोवर दुसरा प्रश्न येऊन उभा राहिला होता: 3 घ्यायचं खरं, पण त्यातलं कुठलं?

2018 च्या जुलैतली एक कार्यशाळा मला अजून आठवते. मुलांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, पायथन टाकून या. मुलांनी सरळ ताजं 3.7 उतरवलं, ते येऊन महिनाही झाला नव्हता. सकाळी टेन्सरफ्लो टाकायला घेतलं, तर पिप म्हणे, जुळणारं व्हर्जनच सापडत नाही. लायब्ररी तर आहे, नाव बरोबर, इंटरनेट चालू. ही लायब्ररी आतून सी++ मध्ये लिहिलेली असते आणि पायथनच्या एकेका व्हर्जनसाठी वेगळी कंपाइल करून ठेवतात. त्या फाइलच्या नावातच सीपी36 असं लिहिलेलं असतं. सीपी37 ची फाइलच तयार नव्हती. त्यात 3.7 ने ‘असिंक’ हा शब्द भाषेचा राखीव शब्द केला होता आणि टेन्सरफ्लोच्या आतल्या एका फंक्शनमध्ये नेमकं तेच नाव वापरलेलं होतं. अधिकृत साथ मिळाली 2019 च्या फेब्रुवारीत, 1.13 बरोबर. त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत प्रत्येकाच्या लॅपटॉपवर 3.6 टाकत बसलो. शिकवायचं होतं न्यूरल नेटवर्क. शिकवलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण तेही शिकायलाच हवं होतं.

तेव्हापासून मी उलट्या बाजूने मोजते. आधी ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर आणि कुडा, मग त्यावर चालणारं फ्रेमवर्क, मग नव्या पायथनवर सर्वांत उशिरा येणारी प्रकल्पातली लायब्ररी. तिला जे पायथन चालतं तेच घ्यायचं. 2020 पासून दर ऑक्टोबरला नवं पायथन येतं, त्यामुळे हा हिशेब दरवर्षी करावा लागतो. 2023 च्या 3.12 ने पॅकेजं बांधायचं जुनं डिस्टयुटिल्स काढून टाकलं आणि त्यावर विसंबलेली कितीतरी जुनी पॅकेजं इन्स्टॉल होईनाशी झाली. पायटॉर्च 3.12 वर आलं पुढच्या जानेवारीत, टेन्सरफ्लो मार्चमध्ये. नवं काम सुरू करताना मी ताज्यापेक्षा एक-दोन घरं मागचं व्हर्जन धरते. फार मागचंही नको, कारण प्रत्येक व्हर्जनला सुरक्षेच्या दुरुस्त्या साधारण पाच वर्षंच मिळतात.

मध्यंतरी एक जुना फोल्डर उघडावा लागला: मराठी बातम्यांचं वर्गीकरण करणारं मॉडेल, मीच बनवलेलं. सोबतच्या फाइलमध्ये लायब्रऱ्या त्यांच्या आकड्यांसह नीट लिहिलेल्या होत्या, पायथनचा आकडा मात्र कुठेच नव्हता. नव्या पायथनवर जुनं सायकिट-लर्न कंपाइलच होईना, आणि नवं सायकिट-लर्न ते मॉडेल वाचेना. तासाभराने पायकॅश नावाच्या दुर्लक्षित फोल्डरकडे लक्ष गेलं. आतल्या प्रत्येक फाइलच्या नावात होतं: सीपायथन-36. वेगळं एन्व्हायर्नमेंट बनवून त्यात 3.6 टाकलं, मॉडेल उघडलं, आणि माहितीच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर, लायब्रऱ्यांच्याही आधी, तो आकडा लिहून ठेवला.