मायलोमाचे रिपोर्ट जुळत नाहीत तेव्हा

एम-स्पाइक ३.९ ग्रॅम आणि त्याच रक्तात आयजीजी ५.२ ग्रॅम. असे रिपोर्ट हाती आले की घरचे लोक धरूनच चालतात, लॅबने घोळ घातला. घोळ होतोही. सिरमऐवजी प्लाझ्मा तपासला गेला, तर त्यातलं फायब्रिनोजेन इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये थेट एम-बँडसारखं दिसतं. पण वरच्या उदाहरणात बहुधा दोन्ही तपासण्या नीट झालेल्या असतात. आयजीजीच्या आकड्यात मायलोमाच्या प्रथिनाबरोबर शरीराचं निरोगी आयजीजीही मोजलं जातं. शिवाय पातळी फार वाढली की आयजीजी मोजण्याची पद्धत बऱ्याचदा जास्तीचा आकडा देते. एम-स्पाइकमध्ये इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखावरचं एकच टोक मोजलेलं असतं. आयजीए मायलोमात हे टोक अनेकदा ट्रान्सफेरिनसारख्या बीटा भागातल्या प्रथिनांत मिसळून जातं, म्हणून तिथे आयजीएची थेट मोजणी जास्त भरवशाची.

‘टोटल प्रोटीन नॉर्मल आहे, म्हणजे काळजी नाही’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत प्लाझ्मा पेशी फक्त लाइट चेन तयार करतात. हे तुकडे लहान असल्याने किडनीतून गाळले जातात आणि टोटल प्रोटीन वाढतच नाही. लघवीत बुडवायची पट्टीही इथे फसवते, कारण ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. पट्टीवर प्रोटीन ‘ट्रेस’ आणि २४ तासांच्या लघवीत मात्र काही ग्रॅम, ही तफावत दिसली की लाइट चेनचा संशय घ्यायलाच हवा.

कप्पा आणि लॅम्डा या दोन लाइट चेनचं गुणोत्तर ०.२६ ते १.६५ च्या बाहेर गेलं, म्हणून लगेच आजार उलटला असंही नाही. किडनी मंदावली की दोन्ही चेन साचतात आणि गुणोत्तर ३.१ पर्यंत जाऊ शकतं. क्रिएटिनिन शेजारी ठेवूनच हा आकडा वाचावा. वेगवेगळ्या किटवरचे आकडेही एकमेकांशी ताडता येत नाहीत, म्हणून लॅब शक्यतो बदलू नये.

डॅराट्युमुमॅब सुरू असताना आणखी एक गोंधळ होतो. हे औषध स्वतःच आयजीजी-कप्पा प्रकारचं प्रतिपिंड आहे. मूळ आजार आयजीए-लॅम्डाचा, आणि इम्युनोफिक्सेशनवर अचानक पुसटसा आयजीजी-कप्पा बँड! घरात दुसऱ्या कॅन्सरची धास्ती बसते, आणि तो बँड बहुधा औषधाचा असतो. मूळ आजारच आयजीजी-कप्पा असेल तर हा बँड उरलेल्या रोगाचा वाटून पूर्ण प्रतिसादाची नोंद लांबते. औषधाचा बँड बाजूला सरकवून दाखवणारी खास चाचणी यासाठी उपलब्ध आहे. लॅबच्या फॉर्मवर औषधाचं नाव आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख जरूर लिहावी.

उपचारांनंतर लाइट चेन झपाट्याने उतरतात, एम-स्पाइक मात्र रेंगाळतो. आयजीजी रक्तात निम्मं व्हायला सुमारे तीन आठवडे घेतं, लाइट चेनला काही तास पुरतात. एम-स्पाइक ०.६ वरून ०.७ झाला तरी रात्रभर जागू नये. आजार वाढला म्हणायला नीचांकापेक्षा २५ टक्के आणि किमान ०.५ ग्रॅम अशी वाढ लागते, तीही पुन्हा तपासून पक्की केलेली.