लाळेतला पहारा

एचआयव्हीला माणसाची लाळ मानवत नाही. रक्ताच्या मानाने लाळेत क्षार फारच कमी. त्यामुळे विषाणू पोटात घेऊन आलेली पांढरी पेशी लाळेत पडली की पाणी शोषून फुगते आणि फुटते. शिवाय लाळेतली चिकट म्युसिनं विषाणूंना धरून ठेवतात आणि एसएलपीआय नावाचं चिमुकलं प्रथिन त्यांना नव्या पेशीत शिरू देत नाही. म्हणून उष्ट्या पेल्यातून किंवा बाळाच्या पाप्यातून एचआयव्ही पसरत नाही. लोक ज्या तोंडाला भितात, तिथेच विषाणूची एवढी पंचाईत!

बुरशीची मात्र तिथे चंगळ होते. कॅन्डिडा आपल्यापैकी अनेकांच्या तोंडात मुकाट राहते. एचआयव्ही असलेल्या मुलाच्या सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी घटल्या की तीच जिभेवर, टाळ्यावर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे थर धरते. पुसले तर खाली लालभडक. तान्ह्या बाळाला असं होणं नवलाचं नाही. पण पहिल्या सहा-आठ आठवड्यांनंतरही ते हटत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत असं मूल थेट तिसऱ्या टप्प्यात जातं. रक्ताचा अहवाल हाती येण्याआधीच जीभ बोललेली असते.

त्याहून चकित करते ती कानाखालची लाळग्रंथी. गाल सुजतात, आईला वाटतं गालगुंड. पण दुखत नाही, ताप नाही, आणि सूज महिनोन्‌महिने तशीच. ग्रंथीत सीडी-८ जातीच्या पेशींनी ठाण मांडलेलं असतं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवरणारी औषधं, नव्हती त्या काळात अशी सूज असलेल्या मुलांचा आजार इतरांपेक्षा सावकाश वाढताना डॉक्टरांना दिसला. सूज, आणि तीही शुभशकुनाची!

या मुलांच्या दातांच्या किडीत औषधांचाही थोडा हात आहे. पोरांनी गिळावं म्हणून सिरप गोड करतात. झोपेत लाळ कमी होते आणि ती साखर दातांवर रात्रभर राहते. जंतू तिचं आम्ल करतात, पीएच साडेपाचच्या खाली घसरला की इनॅमल विरघळू लागतं. इनॅमलमध्ये जिवंत पेशीच नाही, त्यामुळे पडलेला खड्डा आपोआप भरत नाही. औषध चुकवायचं नाही, पण नंतर चूळ भरायची आणि फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करायचा. आता पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाची गोळीही आली आहे.

भारतात मोफत एआरटी २००४ पासून, मुलांसाठीचा खास कार्यक्रम २००६ पासून. नागपुरात ‘मेडिकल’ला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, एआरटी केंद्र आहे आणि त्याच आवारात १९६८चं शासकीय दंत महाविद्यालय. गोळ्या न्यायला आलेल्या पोट्ट्याने त्याच फेरीत तिकडे ‘आ’ करून दाखवावा, इतकं हे सोपं असायला हवं. अडतं ते दात तपासणाऱ्यांच्या भीतीपाशी. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा उपचारात भेदभाव करायला मनाई करतो, आणि हातमोजे, मास्क, ऑटोक्लेव्ह तर प्रत्येक रुग्णासाठी वापरायचेच असतात. त्या मुलासाठी वेगळी खुर्ची लागत नाही, की दिवसातला शेवटचा नंबर.