लेहचं गरम पाणी आणि आईचे गुडघे

गुडघेदुखीवर अमुक गावचं पाणी चांगलं, असं कुणी सांगितलं की आमची आई दुखऱ्या गुडघ्यांनिशी निघालीच म्हणून समजा. दापोलीजवळचं उन्हवरे झालं, वज्रेश्वरी झालं, पुत्तूरकडचं बेंद्रू तीर्थही झालं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने लडाख पाहिलेला माणूस गल्लोगल्ली सापडतो. आमच्या शेजारचे निवृत्त हवालदार एकदा सहज म्हणाले, "काकू, बिसी नीरु बघायचं तर नुब्रातल्या पनामिकचं!" झालं. आईने मनात धरलं.

डॉक्टरांनी आईचा रक्तदाब तपासला, गोळ्या ठरवून दिल्या आणि जायला हरकत नाही म्हणाले. हवालदारांनी मात्र मला बजावलं, "सर, पहिले दोन दिवस नुसतं लोळा. तिथं शहाणपण करायचं नाही."

लेह सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे; आपलं बेळगाव जेमतेम अडीच हजारांवर. डोंगर असूनही ते वाळवंटच. वर्षाचा पाऊस साधारण १०० मिलिमीटर. आपल्याकडे जुलैत एखाद्या रात्रीत तेवढा कोसळतो. हवा इतकी विरळ की एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच.

आई आज्ञाधारकपणे झोपून राहिली. मी रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारा! त्याच संध्याकाळी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढलो. रात्री डोकं फुटायची वेळ, पोटात ढवळणं, झोप नाही. सत्तरीची आई उशाशी बसून मला घोट घोट पाणी पाजत होती. तिच्यासाठी आलेलो मी, आणि माझ्यामुळे तिचं पनामिक दोन दिवस लांबलं. तिच्या जागी मी तिला पायऱ्या चढवल्या असत्या तर, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

त्या दोन दिवसांत लेह पाहिलं. हॉटेलांतून मसाज, वाफेचं स्नान, योगवर्ग सगळं मिळतं. सोवा-रिग्पा या तिथल्या पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्थाही लेहमध्ये आहे, आणि गरम झऱ्यांचं स्नान हा त्या शास्त्रातला जुना उपचार. २०१२ पासून लेहमध्ये मॅरेथॉन होते. खारदुंगला चॅलेंज तर ७२ किलोमीटरची. पण बाहेरून येणारे धावपटूही आधी काही दिवस हवेची सवय करून घेतात, मगच धावतात.

पाचव्या दिवशी खारदुंगला ओलांडला. साडेसतरा हजार फुटांची ती खिंड. फोटोपुरतं थांबून खाली उतरलो. पनामिक लेहहूनही थोडं खाली आहे. लडाखमध्ये ज्वालामुखी नाही, मग पाणी गरम कसं? भारताचा भूखंड आशियाखाली रेटला गेल्याने जमिनीत खोल भेगा पडल्या. त्यांतून मुरलेलं पाणी खोलवरच्या तापलेल्या खडकाला लागून पुन्हा वर येतं. चुमाथांग आणि पुगा इथलेही झरे असेच. पुगाच्या उष्णतेवर वीज करण्यासाठी २०२१ मध्ये ओएनजीसीने करार केला.

पनामिकला गंधकाचा वास आणि बंदिस्त स्नानगृहं. आईला दहाच मिनिटं बसवलं. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. एकदम उठलं तर भोवळ येते. म्हणून हात धरून सावकाश उठवलं, पाणी पाजलं. दोन दिवस गुडघे हलके राहिले, तिसऱ्या दिवशी पुन्हा कुरकुरू लागले. झरा आराम देतो. गुडघ्याची झीज भरून काढत नाही.

तेव्हा वाचकहो, आईवडिलांना जरूर न्या. पण आधी डॉक्टरांना विचारा. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, तर कुंड विसरा. लगेच डॉक्टर गाठा आणि खाली उतरा.

घरी आल्यावर हवालदारांनी विचारलं, "काकू, गुण आला का?"

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "मला थोडा आला. ह्याला मात्र चांगलाच आला!"