डोंगरवाटेसाठी सायकल निवडताना



नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतून उत्तरेकडे बाहेर पडले, की पिंपळगाव माळवी, मांजरसुंबा, डोंगरगण हा टेकड्यांचा मुलूख लागतो. तेथील वाटांवर मुरूम, सुटे दगड आणि बाभळीचे काटे यांची कमतरता नाही. अशा वाटेने सायकल हाकण्याची हौस अनेकांना असते. परंतु ऐपत बेताची असली, की सायकल वारंवार बदलता येत नाही. म्हणून ती पारखून घेणे अगत्याचे आहे.

या बाबतीत डोंगरी सायकलीचा इतिहासच मार्गदर्शक ठरतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, माउंट टॅमल्पाइस या डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन उतार उतरू लागले. ब्रेक इतके तापत, की चाकाच्या हबमधील ग्रीस जळून जाई. म्हणून त्यांनी आधी ब्रेक सुधारले, चढासाठी गिअर बसविले. शॉकअप त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. थोड्या पैशांत सायकल घेणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा.

सर्वप्रथम माप पाहावे. सायकलीवर दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर वरची नळी आणि शरीर यांत किमान ५ सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे. ‘पुढे उंची वाढेल’ म्हणून मोठी सायकल घेणे दगडी उतारावर धोक्याचे आहे. २७.५ किंवा २९ इंची चाक दगडावरून सहज जाते. मात्र उंची कमी असल्यास २६ इंचीही उत्तम चालते.

दुसरी बाब ब्रेकची. दोन बोटांनी दाबताच चाक थांबावे आणि दांडी हँडलला टेकू नये. पावसात, चिखलात रिमवरील ब्रेक दुबळे पडतात; तेथे डिस्क ब्रेक सरस ठरतात. त्यांतही तारेवर चालणारे डिस्क ब्रेक स्वस्त असून साध्या पान्याने नीट करता येतात.

तिसरी बाब चाकांची. रिम दुपदरी ॲल्युमिनियमची आणि टायर सुमारे २ इंच रुंद असावेत. पंक्चर काढताना टायरच्या आतून जाड फडके फिरवून काटा शोधावा. तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही लगेच फुटते.

गिअरच्या संख्येला भुलू नये. २१ गिअर आहेत की २४, यापेक्षा सर्वांत हलक्या गिअरमध्ये चढ चढवतो का, हे महत्त्वाचे.

आता शॉकअपविषयी. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली स्वस्त सायकल दिसायला रुबाबदार असते. पण ती जड असते, तिचे सांधे लवकर ढिले होतात आणि चढावर पायांचे बळ स्प्रिंग दाबण्यातच खर्ची पडते. त्याच पैशांत केवळ पुढच्या चिमट्याला शॉकअप असलेली, किंवा शॉकअपच नसलेली सायकल घेतल्यास ब्रेक आणि चाके अधिक चांगली मिळतात.

जुनी सायकल घेण्यात कमीपणा नाही. हँडलखालच्या जोडाला तडा नाही ना, चाक फिरविल्यावर डुगडुगत नाही ना, हे पाहावे. चेनवर फूटपट्टी ठेवून एका पिनेपासून १२ इंच मोजावेत. तेथे नेमकी पिन यावी. ती तीनएक मिलिमीटर पुढे गेली असेल, तर चेन झिजली असे समजावे आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागावा.

आणि सगळे पैसे सायकलीतच घालू नयेत. हेल्मेट, हातपंप, जादा ट्यूब आणि पाना यांसाठी आधीच रक्कम बाजूला काढावी. त्यासाठी थोडी साधी सायकल घ्यावी लागली तरी चालेल. परंतु हेल्मेटवाचून डोंगर उतरू नये.