रविवारी शिजवा, बुधवारपर्यंत डबा

आमच्या शेलूबाजारच्या घरात डब्याची घाई फजरनंतर लगेच सुरू होते. कुणी शेतावर, कुणी मंगरूळपीरला, कुणी वाशीमला. घाईत तर्रीचे सालन भरले जाई आणि शुगर असलेल्यांना ते बाधे.

भूमध्य समुद्राकाठची रीत सोपी आहे: मांस थोडे, भाजी-कडधान्य जास्त, तुपाऐवजी जैतूनचे तेल. जैतून महाग, म्हणून आम्ही चमचाभर शेंगदाणा तेल घेतो. शनिवारी रात्री अर्धा किलो बिनहाडाचे चिकन दही, लसूण, लिंबू, मिरेपूड लावून फ्रीजमध्ये मुरवतो. रविवारी तव्यावर आतला गुलाबीपणा जाईपर्यंत भाजतो. सोबत उकडलेले काबुली चणे. काकडी-टमाटे मात्र रोज ताजे चिरतो.

एकदा उन्हाळ्यात शिजलेले चिकन रात्रभर ओट्यावरच राहिले. दुसऱ्या दिवशी ते खाऊन मुलांना उलट्या झाल्या. आता दोन तासांत, कडक उन्हाळ्यात तासाभरात, उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवतो आणि बुधवारपर्यंत संपवतो. सकाळी वाफ निघेपर्यंत तापवून गरम राहणाऱ्या डब्यात देतो. वीज चार तासांहून जास्त गेली, तर वास चांगला असला तरी टाकून देतो. अन्न टाकताना जीव तुटतो. म्हणून शिजवतोच मोजके.