घोटा जुळला, पण उडी कधी? जखमी झालेला नवखा स्कायडायव्हर आकाशात परत कसा जातो

घोट्याचं हाड मोडलं की ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. आणि स्कायडायव्हिंग शिकणाऱ्याने ३० दिवस उडी मारली नाही, तर पुढची उडी प्रशिक्षकाच्या थेट देखरेखीखालीच मारावी, असं अमेरिकेची पॅराशूट संघटना (यूएसपीए) सांगते. म्हणजे प्लास्टर निघायच्या आधीच शिकाऊ माणूस नियमाच्या हिशेबात मागे पडलेला असतो.

भारतातले बरेच हौशी स्कायडायव्हर याच संघटनेच्या पद्धतीने शिकतात, त्यामुळे हा हिशेब आपल्यालाही लागू पडतो. पहिला, म्हणजे ‘ए’ परवाना मिळायला किमान २५ उड्या लागतात. तो मिळाल्यावर मुदत ६० दिवसांची होते, ‘बी’ परवान्याला ९० दिवसांची, आणि ‘सी’, ‘डी’वाल्या मुरलेल्यांना सहा महिन्यांची. जितका नवखा, तितकी मुदत कमी. कारण सरळ आहे. दहा उड्या मारलेल्याच्या अंगात अजून काही भिनलेलं नसतं, डोक्यातून मात्र ते लगेच जातं.

आता हाच माणूस यवतमाळचा आहे, असं समजा. किंवा वणीचा, पुसदचा. यवतमाळला जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचा विमानतळ आहे, पण जिल्ह्यात उडी मारण्याची सोय नाही. देशात नागरिकांसाठी सगळ्यात माहितीची जागा हरियाणातल्या नारनौलजवळची बाछोद धावपट्टी. त्यातल्या त्यात जवळ म्हणजे उज्जैन. तिथल्या दताणा धावपट्टीवर मध्य प्रदेशचं पर्यटन खातं अलीकडे हिवाळ्यात स्कायडायव्हिंगचा महोत्सव भरवतं, पण तिथे बहुतेक उड्या टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून मारलेल्या. घरी आई म्हणते, “एकदा पाय मोडून घेतला, आता पुरे.” गावात या खेळातलं दुसरं कुणी नाही. अशा वेळी खेळ सुटतो तो भीतीने कमी आणि एकटेपणाने जास्त, असं मला वाटतं.

दुखापत होते कुठे?

बहुतेकांना वाटतं, धोका वर आकाशात आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० जणांचा मृत्यू झाला. जखमा त्याहून कितीतरी जास्त होतात आणि त्यातल्या बहुतेक जमिनीवर टेकताना होतात. पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असतं, सगळं नीट झालेलं असतं, आणि शेवटच्या दोन-तीन सेकंदांत पाय जातो.

आजचं चौकोनी पॅराशूट हे खरं तर कापडाचा पंख असतं. ते नुसतं खाली येत नाही, पुढेही पळतं. टेकण्याआधी दोन्ही हातांतल्या दोऱ्या एकदम खाली ओढून त्याचा वेग मोडायचा असतो, त्याला फ्लेअर म्हणतात. जमिनीपासून दहा-बारा फुटांवर ते करायचं. नवखा माणूस जमीन अंगावर येताना पाहून घाबरतो आणि वीस-पंचवीस फुटांवरच ओढतो. पंखातली हवा मंदावते आणि उरलेलं अंतर माणूस जवळजवळ पडतो. किंवा ओढायला उशीर करतो. किंवा सगळ्यात स्वाभाविक चूक करतो, ती म्हणजे जमीन चाचपायला एक पाय पुढे काढतो. सगळा भार त्या एका घोट्यावर.

यावर उपाय म्हणून पहिल्याच दिवशी शिकवतात तो पॅराशूट लँडिंग फॉल. दोन्ही पाय घट्ट जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, आणि मग तळव्यांचा पुढचा भाग, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची कड या क्रमाने अंग जमिनीवर लोळवायचं. धक्का एका जागी न बसता पाच जागी वाटला जातो. दिसायला हे अगदी गबाळं दिसतं. त्यामुळे व्हिडिओत आपण उभ्याने उतरताना दिसावं म्हणून नवखे ते टाळतात, आणि मग हाडाच्या डॉक्टरकडे जातात.

हाड जुळणं आणि पाय परत येणं

एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं की आपल्याकडे प्रकरण मिटलं असं धरतात. पण सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेली पोटरी दुसऱ्या पायाशेजारी ठेवून पाहा. बारीक झालेली असते. घोटा ताठर झालेला असतो. आणि दिसत नाही ती गोष्ट अशी की, पाय कुठे आहे, किती वाकलाय हे न पाहता मेंदूला कळवणारी घोट्याची जाण बोथट झालेली असते. डोळे मिटून त्या एका पायावर अर्धा मिनिट उभं राहून पाहिलं की ते लगेच कळतं. म्हणून धक्क्याच्या खेळाकडे परतायला तीन ते सहा महिने आणि कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तो वेळ फिजिओथेरपीचा असतो. आपल्याकडे हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेण्याची जुनी सवय आहे. त्यावर वाद घालण्यापेक्षा एवढंच सांगते: ज्या पायाला आकाशातून उतरायचंय, त्याला फिजिओथेरपिस्टचा हात लागल्याशिवाय मोकळं करू नका. आणि डॉक्टरला नुसतं ‘खेळायला लागू का?’ असं विचारू नका. टेबलाच्या उंचीवरून उडी मारल्यासारखा धक्का वारंवार बसला तर चालेल का, असं विचारा. ‘खेळ’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर बॅडमिंटन येतं.

अशक्त पायाचा त्रास फक्त उतरताना होत नाही. मुक्त पतनात, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी ताशी दोनशेच्या आसपास किलोमीटर वेगाने खाली येताना, माणूस शरीराच्या आकाराने उडतो. एक पाय जास्त वाकलेला आणि दुसरा कमी असेल तर हवा दोन्हीकडे सारखी लागत नाही आणि शरीर गोल फिरायला लागतं. ताठरलेला घोटा, आखडलेला गुडघा इथे लगेच चुगली करतो.

खांद्याचं प्रकरण याहून गंभीर. घोटा मोडला तर फार तर उतरताना पुन्हा मोडेल. पण एकदा निखळलेला खांदा मुक्त पतनात हवेच्या झोताने पुन्हा निखळू शकतो, आणि पॅराशूट उघडायची मूठ पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी उजव्या हाताला असते. हातच मागे गेला नाही तर? म्हणून खांद्याची जुनी दुखापत प्रशिक्षकापासून लपवणं हा या खेळातला सगळ्यात महागडा खोटेपणा आहे.

नाशिकमधली एक उडी

परत येण्याचं एक मोठं उदाहरण महाराष्ट्रात घडलंय. मेजर देवेंदर पाल सिंग १९९९ च्या कारगिल युद्धात तोफगोळ्याने जबर जखमी झाले. त्यांना आधी मृत घोषित केलं गेलं होतं. नंतर त्यांचा पाय कापावा लागला. दहा वर्षांनी ते कृत्रिम पायावर अर्धमॅरेथॉन धावले. आणि मार्च २०१९ मध्ये नाशिकला त्यांनी आयुष्यातली पहिली स्कायडाइव्ह केली. एकट्याने उडी मारणारे ते भारताचे पहिले दिव्यांग स्कायडायव्हर ठरले.

ही गोष्ट आपण ‘जिद्दीपुढे गगन ठेंगणे’ अशा मथळ्याखाली वाचतो. मीही असे मथळे दिलेत. पण त्या मथळ्यात लष्कर राहून जातं. उडीची परवानगी लष्कराने दिली, नाशिकमध्ये लष्कराच्या पथकाने त्यांना शिकवलं, विमान आणि माणसं लष्कराची होती. टीव्हीवरचा बेअर ग्रिल्सही यातलाच. १९९६ मध्ये आफ्रिकेत पॅराशूट फाटून त्याच्या पाठीचे तीन मणके मोडले आणि तो लष्कराच्या पुनर्वसन केंद्रात कित्येक महिने होता. १९९८ मध्ये तो एव्हरेस्टवर पोहोचला. जिद्द दोघांकडे होतीच, पण ‘आज इतकंच, उद्या इतकं’ असं मोजून देणारी माणसंही होती. वणीच्या किंवा पुसदच्या पोराला ही माणसं स्वतः गोळा करावी लागतात.

पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव इथे हमखास निघतं. २००४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती, सरावाची एकही नाही. विक्रम म्हणून ते थोरच, पण दुखापतीतून उठणाऱ्याने गिरवायचा कित्ता तो नव्हे. त्यांच्याकडून घ्यायचंच तर पुढचं घ्यावं. त्या ध्रुवावरच्या उडीपासून नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून मारलेल्या उडीपर्यंत जवळपास वीस वर्षं त्या या खेळात टिकून राहिल्या.

मधल्या महिन्यांत करायचं काय?

पहिलं, लॉगबुक उघडायचं. प्रत्येक उडीची नोंद त्यात असते. ज्या उडीत पाय मोडला, तिचीही नोंद लिहायची: वारा किती होता, वळण किती उंचीवर घेतलं, फ्लेअर कधी केला. व्हिडिओ असेल तर प्रशिक्षकाला पाठवून त्याच्याबरोबर पाहायचा. ‘नशीब खराब’ असं लिहून पान बंद केलं, तर त्या दुखापतीतून काहीच शिकलो नाही.

दुसरं, आणीबाणीचा सराव. याला पाय लागत नाही, खाटेवर बसून होतो. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर ते तोडून राखीव पॅराशूट उघडायचं असतं, आणि विद्यार्थ्याने हा निर्णय २,५०० फुटांपर्यंत अमलात आणायचा असतो. मुक्त पतनाच्या वेगाने तिथून जमीन फक्त १४ सेकंदांवर असते. त्या १४ सेकंदांत आठवायला वेळ नसतो, हातांनाच माहीत असावं लागतं. पाहा, पकडा, ओढा. रोज वीसदा. घरचे हसतील, हसू द्या.

तिसरी गोष्ट मात्र आपल्या जिल्ह्यात जितकी चांगली शिकता येते तितकी शहरात येत नाही. ती म्हणजे वारा. पॅराशूटवाल्याला वारा वाचता यावा लागतो, आणि कापूस निघाल्यावर शेतात पऱ्हाटी पेटते तेव्हा तो अक्षरशः दिसतो. धूर खाली एका दिशेने आणि वर गेल्यावर दुसऱ्या दिशेने वळताना पाहा. खालचा वारा आणि वरचा वारा वेगळा असतो, हे पुस्तकातलं वाक्य तिथे डोळ्यांनी कळतं. बांधावरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहा. वारा झाडाला आपटून पलीकडे ढवळला जातो आणि हे ढवळणं झाडाच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत जाणवू शकतं. झाड दहा मीटरचं असेल तर त्याच्या आडोशाच्या बाजूला शंभर ते दोनशे मीटर पॅराशूट डचमळू शकतं. आणि एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी मोकळ्या वावरात उठणारी वावटळ! आपल्यासाठी ती कचरा उडवणारी गंमत, पण जमिनीजवळ आलेल्या पॅराशूटचा पंख ती मिटवून टाकू शकते. कोणत्या जमिनीवर, किती वाजता ती उठायला लागते, हे शेतकऱ्याच्या पोराला विचारा.

पाय थोडा सुधारला की दोन वाटा उघडतात. एक, ड्रॉपझोनवर जाऊन पॅराशूट घडी घालायला शिकणं. राखीव पॅराशूट फक्त प्रमाणित रिगरच बांधतो, पण मुख्य पॅराशूट बांधणं विद्यार्थी शिकू शकतो. गुडघ्यांवर बसावं लागतं, त्यामुळे घोटा तेवढा वाकायला हवा. दुसरी वाट हैदराबादची. पांढरकवड्याहून आदिलाबादमार्गे हा एका रात्रीचा प्रवास. तिथे ग्रॅव्हिटीझिप नावाचं इनडोअर स्कायडायव्हिंग केंद्र आहे. उभ्या नळकांड्यात खालून जोराचा वारा सोडतात आणि माणूस त्यावर तरंगतो. उंचीवरून उतरण्याचा धक्का नाही, पॅराशूट नाही. दोन्ही पाय सारखे राहतात की शरीर फिरतं, हे तिथे काही मिनिटांत कळतं. खांदा दुखावलेल्यांनी मात्र तिथेही डॉक्टरला विचारूनच जावं.

खर्च आणि विमा

यात एक कामाची गोष्ट आहे. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात साहसी खेळांबद्दल एक ठरीव कलम असतं, एक्सक्लुजन ०९. त्यात स्कायडायव्हिंगचं नाव घेऊन खर्च नाकारलेला आहे, पण ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतला असेल तर, असे शब्द आहेत. म्हणजे हौशी माणसाचा दावा या कलमाखाली आपोआप बाद होत नाही. अपघात विमा आणि प्रवास विम्याच्या अटी वेगळ्या असतात. उडीच्या आधी पॉलिसीचं ते पान वाचा आणि शंका असेल तर कंपनीकडून उत्तर लेखी घ्या.

परतीची पहिली उडी

ती हिवाळ्यातल्या सकाळी असावी, जमीन तापायच्या आत. यूएसपीएच्या नियमात विद्यार्थ्यासाठी वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर आहे. परतणाऱ्याने स्वतःची मर्यादा त्याहून खाली ठेवावी. पॅराशूट मोठं मागावं, ते हळू उतरतं. जमिनीवरचा अर्धा दिवसाचा उजळणी वर्ग टाळू नये. उभ्याने उतरायचंच नाही, पाय जुळवून लोळायचं, हे आधीच ठरवून जावं. नाहीतर माणूस नकळत दुखऱ्या पायाला वाचवायला चांगला पाय पुढे काढतो आणि दुसराही घोटा गमावतो.

आणि दार उघडल्यावर मन तयार नसेल तर प्रशिक्षकाला मान हलवून ‘नाही’ सांगता येतं. विमान तसंही खाली उतरणारच असतं, त्यात बसून परत येता येतं. त्या दिवशी लॉगबुकात उडीचा आकडा वाढत नाही, इतकंच.