एक्सप्लेनर : टर्बो इंजिनची जुनी गाडी घ्यावी का? बयाणा देण्याआधी हे तपासा

मोसंबीचे किंवा कापसाचे पैसे हातात आले की जालना जिल्ह्यात अनेक घरांत गाडीचा विषय निघतो. नवी परवडत नाही, म्हणून चार-पाच वर्षे जुनी बघायची ठरते. मग डिकीवर ‘टर्बो’ लिहिलेली गाडी समोर येते आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पिकअप जबरदस्त आहे. दुसरा म्हणतो, टर्बो गेला की खिसा रिकामा.

माझ्या काकांनी तीन वर्षांपूर्वी अशीच एक डिझेल हॅचबॅक घेतली. एकहाती वापरलेली, ६० हजार किलोमीटर चाललेली, दिसायला चकाचक. आठव्या महिन्यात समृद्धी महामार्गावर ओव्हरटेक करताना पिकअप गेला आणि मागे निळा धूर दिसू लागला. मेकॅनिकने ऑइलचा चेंबर उघडला तेव्हा आत ग्रीससारखा काळा गाळ होता. टर्बोसह सगळे काम ७० हजारांच्या घरात गेले. पण दोष टर्बोचा होता का? समजून घेऊया.

टर्बो म्हणजे नेमके काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात बरीच ताकद शिल्लक असते. साध्या इंजिनात ती सायलेन्सरमधून वाया जाते. टर्बोमध्ये हा धूर एक छोटे चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाइतकी ताकद देते.

कल्पना नवी नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते.

लहान गाड्यांमध्ये टर्बो का वाढला?

एक मोठे कारण कराचे आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून लांबीने ४ मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना कमी कर लागतो. जीएसटीतही ही रेषा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के, तर मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यामुळे कंपन्या इंजिन लहान ठेवतात आणि ताकद टर्बोने भरून काढतात. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३००, मॅग्नाइट, फ्राँक्स यांच्या टर्बो पेट्रोल आवृत्त्या याच गणितातून आल्या.

मग टर्बो भरवशाचा नाही का?

डिझेलवाल्यांना हा प्रश्नच पडू नये. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो या गाड्यांमधले १.३ लीटर डिझेल इंजिन टर्बोचेच होते. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केले, तरी या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. त्यातल्या कितीतरी टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळाल्या. म्हणजे टर्बो मुळात नाजूक नाही. त्याला निष्काळजीपणा मात्र सोसत नाही.

टर्बो बिघडतो कशामुळे?

१. जुने ऑइल : टर्बोचा दांडा मिनिटाला एक ते दोन लाख फेऱ्या फिरतो. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल वेळेवर बदलले नाही तर त्याचा गाळ होतो, बारीक नळी तुंबते आणि दांडा कोरडा फिरून झिजतो. काकांच्या गाडीत हेच झाले होते.

२. धूळ : शेतरस्ते आणि उन्हाळ्यातला फुफाटा रोजचाच. एअर फिल्टर फाटला किंवा हवेचा पाइप चिरला तर धुळीचे कण थेट त्या वेगवान चाकावर आदळतात. फिल्टर हवा मारून महिनोन् महिने वापरण्याची सवय इथे महागात पडते.

३. तापलेले इंजिन लगेच बंद करणे : समृद्धीवर कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तासभर त्या वेगाने येऊन थांबल्याबरोबर चावी फिरवली तर टर्बोतले ऑइल जागच्या जागी जळून कडक होते. बऱ्याच नव्या गाड्यांत टर्बो थंड ठेवायला पाण्याची सोय असते. तरी शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवणे किंवा मिनिटभर इंजिन चालू ठेवणे चांगले.

पेट्रोल टर्बो घेताना वेगळे काय पाहायचे?

पेट्रोल टर्बोतला धूर ९०० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतो, त्यामुळे ऑइलचे महत्त्व आणखी वाढते. व्हेन्यू आणि सोनेटचे १.० लीटर टर्बो, फ्राँक्सचे बूस्टरजेट, फोक्सवॅगन-स्कोडाचे टीएसआय यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. त्यामुळे मायलेज सुधारते, पण हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नसल्याने तिथे हळूहळू कार्बन साचू शकतो. जास्त चाललेल्या गाडीत धक्के बसत असतील तर हे तपासून घ्या.

जुन्या इकोस्पोर्टच्या १.० लीटर इकोबूस्ट इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. चुकीचे किंवा जुने ऑइल असेल तर बेल्टही खराब होतो. फोर्डने भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा २०२१ मध्येच केली आहे, म्हणून पार्ट कुठे मिळतील हे आधी विचारा.

डिझेल बीएस-६ असेल तर?

१ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज फक्त घर ते दुकान असा वापर असेल तर तो तुंबतो.

बयाणा देण्याआधीची तपासणी

• गाडी थंड असताना बघा. ‘आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका’ असे सांगा आणि गेल्यावर आधी बोनेटला हात लावा.

• ऑइल भरायचे झाकण उघडा. आत काळा चिकट गाळ दिसला तर पुढे बोलूच नका.

• चार-पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून ॲक्सिलरेटर दाबा. मागे निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे.

• हलकी शिट्टी नैसर्गिक आहे. सायरनसारखा किंवा घासल्याचा आवाज धोक्याचा.

• टर्बोचा हवेचा पाइप मेकॅनिककडून काढून बघा. ऑइलचा हलका ओलावा चालतो, थारोळे नाही.

• तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगापासून ॲक्सिलरेटर दाबा. ताकद सलग वाढली पाहिजे.

• स्कॅनर लावून घ्या. टर्बोच्या दाबाच्या नोंदी आणि नुकतेच पुसलेले एरर त्यात कळू शकतात.

• मालकाकडून अधिकृत सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड मागा. ऑइल किती किलोमीटरला बदलले ते पाहा. अनेक गाड्यांना १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष ही मुदत असते. दोन नोंदींत २०-२५ हजारांचे अंतर असेल तर सावध व्हा.

कुणी काय घ्यावे?

वापर जालना शहरापुरता आणि कधीतरी छत्रपती संभाजीनगरपर्यंत असेल, तर साधे १.२ लीटर पेट्रोल पुरेसे आहे. त्यात बिघडायला टर्बोच नाही. पाच माणसे, सामान, एसी आणि पुणे-नागपूरच्या नियमित फेऱ्या असतील तर टर्बो उपयोगी पडतो. मात्र सर्व्हिसचा रेकॉर्ड पूर्ण असलेलीच गाडी घ्या. ९० हजार चाललेली पण वेळेवर ऑइल बदललेली गाडी, रेकॉर्ड नसलेल्या ४० हजारांच्या गाडीपेक्षा बरी.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर बदला. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच टाका. काकांनी आता डॅशबोर्डवर पुढच्या ऑइलची तारीख लिहून चिकटवली आहे. दुसरा टर्बो अजून व्यवस्थित चालतो आहे.